डाव्या पायाचा कडता

गॅरेज

माझ्या आजाराचं पहिलं निदान दौंडच्या एका गॅरेजात झालं. निदान करणारा माणूस जीपखाली उताणा पडला होता आणि मला त्याचे फक्त पाय दिसत होते.

मी शिरूर-निमोणे-दौंड या रस्त्यावर वडापची, म्हणजे शिटं भरून न्यायची, जीप चालवतो. एकवीस वर्षं झाली. या धंद्यात माणसाला दोन गोष्टी याव्या लागतात. एक क्लच, दुसरी थाप. जीपमध्ये तीन माणसं असली की ओरडायचं, "भरली, एकच शिट राहिलंय!" आणि सतरा असली की पोलिसाला सांगायचं, "नऊच हायती साहेब, अंगानं जाड हायती." एकदा मी लग्नाच्या वऱ्हाडातली बत्तीस माणसं एका खेपेत दौंडला नेली, वर बँडवाला आणि त्याचा ढोल. मंगल, म्हणजे माझी बायको, म्हणते एकवीस होती. ढोल मात्र खरा होता.

तर, त्या आठवड्यात क्लच जड लागायला लागला. आधी तळपायांना मुंग्या आल्या. मी चप्पल बदलली. मग पाय असे वाटायला लागले, जणू कुणी रात्रीतून त्यात ओली वाळू भरली. न्हावरा फाट्यावर गिअर टाकताना जीपनं असा खर्रर्र आवाज काढला की मागच्या शिटावरची एक आजी म्हणाली, "मामा, गाडीला काय चावतंय का?"

मी जीप तडक यासीनभाईच्या गॅरेजात घातली. यासीनभाई माझा वीस वर्षांपासूनचा दोस्त. त्यानं क्लचप्लेट बदलली. तरी जड. केबल बदलली. तरी जड. पेडलची स्प्रिंग बदलली. तिसऱ्या दिवशी तो स्वतः जीपमध्ये बसला आणि पेडल हातानं दाबून पाहिलं. मग पुन्हा जीपखाली शिरला आणि तिथूनच बोलला.

"दिनूभाई, क्लच लोण्यावानी चाललाय. फॉल्ट गाडीत न्हाई. फॉल्ट तुझ्या पायात हाय."

"तू मेकॅनिक हायस. डॉक्टर न्हाईस."

"बरं. मग त्या टायरवरनं उठून दाखव."

मी उठलो. म्हणजे डोक्यात उठलो. पायांनी ती बातमी ऐकलीच नाही.

पायाच्या आजारावर नवी क्लचप्लेट बसवणारा जगातला पहिला रोगी मीच असणार. हे हसण्यावारी सांगतोय, पण त्यात माझे तीन दिवस गेले, आणि या आजारात तीन दिवस फार असतात. हे वाचणाऱ्या कुणाच्या पायाला मुंग्या येऊन पाय जड व्हायला लागले, तर आधी डॉक्टर गाठा. मेकॅनिक नंतर.

एका दमात

पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी गुडघ्यावर रबरी हातोडी मारली. पाय उडायला पाहिजे होता. उडाला नाही. दार वाजवावं आणि घरात कुणी नसावं, तसं झालं. त्यांनी दुसरा गुडघा वाजवला. तिथंही कुणी नव्हतं.

"आठ-दहा दिवसांपूर्वी पोट बिघडलं होतं का?"

बिघडलं होतं. एका पूजेच्या जेवणानंतर मी दोन दिवस उसात मुक्काम केला होता. डॉक्टर म्हणाले, त्या जंतूंना हाकलायला शरीरानं जी फौज उठवली, तीच आता तुमच्या नसांना झोडपतेय. आजाराचं नाव जीबीएस. बहुतेक लोक बरे होतात, पण वेळ लागतो, आणि किती ते आज सांगता येणार नाही.

मंगलनं विचारलं, "गाडी चालवत्याल का हे?"

डॉक्टर म्हणाले, "आधी श्वास बघू. गाडीचं नंतर."

तेव्हा मला कळलं की हे प्रकरण पायापाशी थांबणारं नाही. कमजोरी वर चढत चढत छातीपर्यंत आली तर श्वासाला मशीन लावावं लागतं. ते मशीन त्यांनी माझ्या कॉटपासून चार पावलांवर आणून ठेवलं होतं. त्यावर हिरवं कापड होतं. मी पाच दिवस त्या कापडाकडं बघितलं नाही, म्हणजे सतत त्याच्याकडंच बघितलं.

तिथं माझं पहिलं मोजमाप सुरू झालं. दर काही तासांनी सिस्टर यायच्या आणि म्हणायच्या, "मामा, एका दमात आकडे म्हणा." एकवीस वर्षं शिरूर स्टँडवर बोंबलून कमावलेला दम होता. पहिल्या दिवशी मी चौतीसपर्यंत गेलो. भेटायला येणाऱ्यांना ऐंशी सांगितले. दुसऱ्या दिवशी दम कमी पडायला लागला, तेव्हा मी धंद्यातली युक्ती काढली.

"...एकोणीस, वीस, एकवीस, अठ्ठावीस, एकोणतीस..."

सिस्टरनी पेन खाली ठेवलं. "मामा, एकवीसनंतर एकदम अठ्ठावीस? मधली सहा शिटं कुठं उतरली?"

आख्खा वॉर्ड हसला. मंगल हसली नाही. ती नुसती माझ्या तोंडाकडं बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चौदावर थांबलो. त्यात काही लबाडी नव्हती. लबाडी करायलासुद्धा श्वास लागतो. मंगलनं माझा हात धरला होता. तिनं मनातल्या मनात पंधरा म्हटलेलं मला तिच्या ओठांवर दिसलं. मग तिनं तोंड खिडकीकडं फिरवलं. मी आयुष्यात खूप वेळा घाबरल्याचं नाटक केलंय, पोलिसासमोर, सासऱ्यासमोर. खरी भीती वेगळी असते. तिला आवाज नसतो.

पण तो आकडा चौदाच्या खाली गेला नाही. दोन दिवस तिथंच बसून राहिला. सलाइनमधून पाच दिवस औषध गेलं आणि मग सोळा झाले, एकोणीस झाले, आणि एक दिवस वॉर्डबॉयनं ते हिरव्या कापडातलं मशीन ढकलत दुसऱ्या कुणाकडं नेलं. मी त्याला झोपल्या झोपल्या हात केला.

कॉटखालच्या भांड्याबद्दल एकच सांगतो. पहिल्या दिवशी मरण बरं वाटतं. चौथ्या दिवशी तुम्ही सिस्टरला हाक मारून सांगता, "गरम पाण्यानं धुवून आणा, लई गार लागतं."

तळहाताएवढं यंत्र

घरी आलो तो चार माणसांच्या हातांवर. पुढं रोज चुलतभावाच्या रिक्षात घालून मला शिरूरला फिजिओथेरपीच्या मॅडमकडं नेऊ लागले. मॅडम एवढ्याशा. वाऱ्याच्या दिवशी त्यांना जीपच्या खिडकीशी बसवलं तर काच वर करावी लागेल. त्यांच्या हातात एक यंत्र होतं, तळहाताएवढं, एका बाजूला गादी, दुसऱ्या बाजूला आकडे.

मला कॉटच्या कडेला पाय लोंबकळत बसवलं.

"मामा, मी हे तुमच्या डाव्या नडगीवर धरते. तुम्ही पाय सरळ करायचा प्रयत्न करा. मी हलू देणार नाही. तुमच्या पायात किती बळ आहे ते यात दिसेल."

"मॅडम, भिंतीपासनं जरा लांब बसा. उडाला-बिडाला तर माझ्यावर यायचं."

मी जोर लावला. असा लावला की कपाळावरची शीर फुगली, कानात शिट्टी वाजली आणि शेजारच्या कॉटवरची एक म्हातारी ओरडली, "आरं सोडा, सोडा त्येला!"

मॅडमनी यंत्र उलटं करून दाखवलं. तीन पॉइंट आठ.

"तीन पॉइंट आठ काय?" मी विचारलं. "टन?"

"किलो."

मंगल वाकून बघत होती. "अवो, माझी भेंडीची पाटी यापरीस जड असती."

"मॅडम, यंत्र खराब हाय," मी म्हणालो.

मॅडमनी ते यंत्र स्वतःच्या अंगठ्यानं दाबलं. सात आले.

दुसऱ्या खेपेला मी दोन्ही हातांनी कॉट धरली, अंग मागं टाकलं आणि असा झटका दिला की आकडा सहावर गेला. मॅडमनी तो पुसून टाकला. "हात छातीवर. पाठ सरळ. झटका नको. तीन मोजेपर्यंत हळूहळू जोर वाढवा आणि पाच मोजेपर्यंत धरून ठेवा. झटक्याचा आकडा खोटा असतो, मामा. त्याच्या भरवशावर तुम्ही उभे राहाल आणि पडाल."

"म्हंजी क्लच सोडताना करतो तसं? हळूहळू?"

"मला गाडी येत नाही. पण तसंच असावं."

गाडीचा विषय निघाला म्हणून मी विचारलंच, जीप कधी चालवू? त्या दिवशी यासीनभाई माझी जीप घेऊन खाली थांबला होता. मॅडम यंत्र हातात घेऊन जिना उतरल्या, जीपमध्ये चढल्या आणि क्लचच्या पेडलवर यंत्र ठेवून दोन्ही हातांनी दाबलं. सतरा किलो.

यासीनभाईचा अपमान झाला. "मॅडम, येवढा जड न्हाई तो! नवी प्लेट टाकलीय मी!"

मॅडम म्हणाल्या, "पेडल दाबणं आणि पाय सरळ करणं अगदी एकच नाही, पण अंदाज आला. एकदा दाबायला सतरा. शिरूरपासून दौंडपर्यंत कितीदा दाबता?"

"हजारदा," मी म्हणालो.

"शंभर-दीडशेदा," मंगल म्हणाली.

"मग डाव्या पायात पंचवीस आल्याशिवाय गाडीला हात लावायचा नाही. उजवा पाय आपला पुढं पळतोय, त्याची काळजी नाही. दर महिन्याला मी मोजेन."

माझा आणि माझ्या जीपचा निकाल असा एका आकड्यावर येऊन बसला. पंचवीस.

भाजीचा काटा

महिन्यातून एकदा मोजणं मंगलला पटलं नाही. "भाजी मी दिसातनं शंभरदा मोजती. माणसाला महिना?"

मंगल घरची भाजी आठवडी बाजारात विकते. तिच्याकडं हुकाचा काटा आहे, आकडे दाखवणारा, वर कडी आणि खाली हुक असलेला. पोतं अडकवा, आकडा बघा. तिनं यासीनभाईकडून गाडीचा एक जुना पट्टा आणवला. पट्टा माझ्या घोट्याला, पट्ट्यात हुक, काट्याची कडी कॉटच्या मागच्या पायाला दोरीनं बांधलेली. मी कडेला बसून पाय पुढं सरळ करायचा, काटा ताणला जायचा आणि मंगल कॉटमागं उकिडवी बसून आकडा वाचायची. मला तिथून काही दिसायचं नाही.

मॅडमना विचारलं. त्यांनी डोळे मोठे केले, मग फोटो मागितला, मग म्हणाल्या, "चालेल. पट्टा रोज त्याच जागी, दोनच वेळा, आणि हात छातीवर."

रोज सकाळी चहाच्या आधी मोजणी व्हायची. मंगल आकडा दाराच्या फळीवर खडूनं लिहायची. सात. नऊ. साडेदहा. या आजारात बरं होणं म्हणजे गवत वाढताना बघण्यासारखं असतं, काही म्हणता काही दिसत नाही. म्हणून सांगतो, ज्यांच्या घरी असा रोगी असेल त्यांनी काहीतरी मोजा. खुर्चीवरून किती वेळा उठला ते मोजा, किती पावलं चालला ते मोजा. वाईट दिवशी मागचा आकडा बघायला बरा वाटतो.

मी अर्थात चौकात वेगळे आकडे सांगत होतो. फळीवर बारा असले की चौकात चाळीस. एक पोरगं मला विचारून गेलं, "मामा, तुमच्या लाथनं खरंच पिठाच्या गिरणीचं शटर वाकलं का?"

कडब्याची गंज

तिसऱ्या महिन्यात एका सकाळी मंगल कॉटमागून म्हणाली, "सतरा."

सतरा! क्लचला किती लागतात? सतरा. पायात किती आले? सतरा. मॅडमचे पंचवीस हे मी पोलिसाच्या नऊ शिटांसारखे धरले, म्हणायला एक आणि चालवायला एक.

मंगल बाजाराला गेली. मी काठी टेकत अंगणात गेलो, दार धरून जीपमध्ये चढलो. त्या चढण्याला एवढा वेळ लागला की मधेच एक कोंबडी शिटावर अंडं घालून गेली. चावी फिरवली. जीप गुरगुरली आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मात्र खरं. क्लच दाबला. दाबला गेला! पहिला गिअर पडला! आणि मग डावा पाय शिलाई मशीनसारखा थडथडायला लागला. सतरा किलो एकदा दाबायला पुरले, धरून ठेवायला नाही पुरले. पाय घसरला. जीपनं उडी मारली आणि आमच्या आबांच्या, म्हणजे वडिलांच्या, कडब्याच्या गंजीत नाकापर्यंत शिरली.

बोनेटवर शेळी आली होती. मंगल म्हणते शेळी शेजारी उभी होती. असो.

बाजारातून आल्यावर तिनं गंज बघितली, जीप बघितली, मला बघितलं. मला वाटलं आता तोफ सुटणार. तिनं माझ्या केसांतल्या कडब्याच्या काड्या एक एक करून काढल्या.

"लागलं का कुठं?"

"न्हाई."



अठरा

त्यानंतर आकडा अडकला. दुसऱ्या दिवशी सतरा. आठवड्यानं सतरा. मग साडेसतरा, अठरा, पुन्हा साडेसतरा. मी मॅडमनी सांगितलेलं सगळं करत होतो. घोट्याला वाळूची पिशवी बांधून पाय उचलत होतो, खुर्चीवरून उठत-बसत होतो, आबांच्या ओट्याच्या तीन पायऱ्या चढ-उतर करत होतो. काठी सुटली होती. तरी सकाळी कॉटमागून तोच आवाज, "अठरा."

तीन आठवडे अठरा ऐकल्यावर माणूस आतून बसतो. मला वाटायला लागलं, आपलं एवढंच परत येणार होतं, ते आलं. बाकीचा पाय तिकडंच राहिला. मी चौकात जाणं सोडलं. कुणी विचारलं पाय कसा आहे, तर मी खरा आकडा सांगायला लागलो. तीन दिवस मी एकही थाप मारली नाही. आबांनी मंगलला बाजूला घेऊन विचारलं, "ह्येला ताप-बिप हाय का?"

तपासणीच्या आदल्या दिवशी यासीनभाई आला. चहा घेताना सहज बोलला, "दौंडचा एक जण तुझ्या जीपला गिऱ्हाईक हाय. मी म्हणलं, दिनूभाई मेला तरी इकायचा न्हाई."

"दे त्याला," मी म्हणालो.

"काय?"

"दे म्हणलं. अठरा किलोच्या पायाला जीप कशाला लागती? अंगणात कोंबड्यांनी अंडी घालायला?"

यासीनभाईनं बशी खाली ठेवली. मंगल चहाचं भांडं हातात धरून तशीच उभी राहिली.

"उद्या मॅडम मोजत्यात," ती शेवटी म्हणाली. "तवर कुणाला शबुद देऊ नका."

"मॅडमच्या यंत्रात काय वेगळं निघणार हाय?"

ती भांडं घेऊन आत गेली.

तपासणी

मॅडमनी यंत्र नडगीवर धरलं. मी हात छातीवर घेतले, तीन मोजत जोर वाढवला. मॅडमचं चाकांचं स्टूल हळूच मागं सरकलं. त्यांनी पाय रोवले, पुन्हा धरलं. पुन्हा सरकलं. आकडा आला एकोणीस.

"बघा," मी म्हणालो. "अठरा-एकोणीस. झालं तेवढंच."

"थांबा मामा. हे तुमचं बळ नाही. माझं आहे. माझाच हात मागे जातोय, मग यंत्राला कळणार कसं?" त्यांनी कपाटातून एक रुंद पट्टा काढला, यंत्र माझ्या नडगीवर ठेवून पट्टा कॉटच्या पायाला आवळून बांधला. "आता कॉटशी भांडा. ती सरकत नाही."

मी तीन मोजले. मग पाच.

मॅडमनी आकडा माझ्याकडं फिरवला. चोवीस पॉइंट सहा.

मी एकवीस वर्षांत कुठला आकडा मोठा आहे म्हणून नाकारला नव्हता. त्या दिवशी नाकारला. "मॅडम, यंत्र खराब हाय."

त्यांनी पुन्हा घेतला. चोवीस पॉइंट तीन. पुन्हा. चोवीस पॉइंट सहा.

"घरी किती येतात?"

"अठरा. महिना झाला, अठरा."

मॅडमनी मंगलकडं बघितलं. मीही बघितलं. मंगल पदराचा काठ असा निरखत होती, जणू त्यावर बाजारभाव छापलाय.

"मंगल?"

"पट्ट्याचं बारदान काढलं," ती पदराला म्हणाली.

ज्यांना बाजार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. माल पोत्यासकट मोजतात, मग पोत्याचं वजन वजा करतात, ते बारदान. आणि माती आहे, ओल आहे म्हणून व्यापारी वर आणखी थोडं कापतो, तो कडता. या कडत्यावरून मंगलनं बाजारात भल्याभल्यांना रडवलंय.

"पट्टा पाव किलोचाबी न्हाई! बाकीचं कुठं गेलं?"

"कडता."

"कशाचा कडता? मी माणूस हाय का कांदा?"

"झटक्याचा. तुमी झटका मारताय, मला मागनं दिसतंय."

"झटक्याचं सहा किलो?"

आता तिनं मान वर केली. "न्हाई. बाकीचा तुमचा. सतरा सांगितलं तर गंजीत गेलात. बावीस सांगितलं असतं तर भीमेत गेला असता!"

मॅडमनी तोंडावर हात ठेवला. मी भांडायच्या तयारीत होतो. मला चांगलं वाक्यही सापडलं होतं, "बाजारात कडता काढला की भांडतीस, आन् नवऱ्याच्या पायातनं काढतीस?" ते मी म्हणालोही. पण मंगलचा आवाज बदलला होता.

"लग्न झाल्यापासनं तुमच्या आकड्यातनं मी कडता काढूनच जगती. बत्तीस म्हणलं की एकवीस समजायचं. सवय झाली. पर त्या दवाखान्यात तुमी चौदा म्हणला, आन् त्यातनं काढायला कायच नव्हतं. तेवढा एकच आकडा खरा. तवापासनं तुमचा मोठा आकडा आला की भ्या वाटतं. जरा कमी धरला की बरं वाटतं. तुमी जीप इकायला निघाल, हे माझ्या मनातबी आलं न्हाई."

पलीकडच्या कॉटवर कुणीतरी चेंडू दाबत होतं, त्याचा तेवढा फुसफुस आवाज.

मग मॅडम म्हणाल्या, "ताई, पट्ट्याचं वजन यात धरायचं नसतं. आणि मामांचा कडता मी आधीच काढते, हात छातीवर घ्यायला लावून. तुम्ही दिसेल ते लिहा."

"मॅडम," मी म्हणालो, "चोवीस पॉइंट सहा म्हंजी पंचवीसच की. लिवून टाका."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"न्हाई," मंगल म्हणाली, त्याच दमात.

"आठ दिवसांनी या," मॅडम म्हणाल्या.

खाली यासीनभाई जीपला टेकून उभा होता. मी त्याला म्हणालो, "गिऱ्हाइकाला सांग, दिनूभाई मेला तरी इकायचा न्हाई." तो म्हणाला, "मी आधीच सांगितलंय. तुझं ऐकतो कोण."

पॉइंट दोन

दुसऱ्या दिवसापासून मंगलनं आकडे माझ्याकडं येतील असा काटा उलटा अडकवला आणि स्वतः माझ्यासमोर बसली, माझे हात छातीवर आहेत की नाही ते बघायला. आठव्या दिवशी मॅडमच्या पट्ट्यात पंचवीस पॉइंट दोन आले. मी मोठ्यानं ओरडलो. आधी मोकळ्या मैदानात सराव, मग खेपा, असं त्यांनी बजावलं. मी चार दिवस निमोण्याच्या माळावर रिकामी जीप फिरवली, शेजारच्या शिटावर यासीनभाई, त्याचा हात हँडब्रेकवर आणि ओठांवर दुआ.

थंडीत पाय अजून आखडतात. संध्याकाळी तळव्यांना मुंग्या येतात. दौंडला पोचलो की अर्धा तास पाय वर करून बसावं लागतं. हेही लिहितो, नाहीतर कुणाला वाटायचं की आकडा आला आणि खेळ संपला.

पहिल्या खेपेला मंगल पुढं, माझ्या शेजारी बसली. मांडीवर भाजीची पिशवी, पिशवीत काटा. मी स्टँडवर हाक दिली, "एकच शिट राहिलंय!" आत पाच जण होते. सहावी चढली ती न्हावरा फाट्यावरची तीच आजी. बसता बसता तिनं मला ओळखलं.

"मामा, लई दिस दिसला न्हाई. पायाचं काय झालतं म्हणं? बरा झाला का?"

"बरा?" मी आरशात बघत म्हणालो. "आजी, ह्या डाव्या पायात पन्नास किलोचं बळ हाय! दौंड स्टेशनात इंजिनाला लाथ घातली तर मनमाडला जाऊन थांबंल!"

"अगं बया," आजी म्हणाली, आणि खात्री करून घ्यायला मंगलकडं वळली. "खरंच पन्नास?"

मी वाट बघत राहिलो. चार किलो जाणार की सहा?

मंगल समोर रस्त्याकडं बघत होती.

"पंचवीस पॉइंट दोन," ती म्हणाली.

तिनं पॉइंट दोनसुद्धा सोडला नाही. मी क्लच दाबला, पहिला गिअर टाकला, आणि पाय हळूहळू, पाच मोजत, वर घेतला.